एक ‘थांबा’ आणि सहाशे लोकल

पालघरहून मनोरच्या रस्त्याला लागलात की सूर्या नदीच्या अंगाला मासवण लागते. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. सकाळ झाली की आसपासच्या पाड्यांवरून माणसे येतात. कुणाच्या कडेवर तापाने फणफणलेले पोर, कुणाच्या पायाला चिंधी बांधलेली, कुणी नववा महिना लागलेली. केसपेपरची रांग लागते. चला, आज आपण त्या रांगेच्या कडेला पाटी-पेन्सिल घेऊन बसू आणि नुसते मोजू. बेत साधा आहे. पण आधीच सांगून ठेवतो, मासवणच्या ओट्यावरून निघालेली ही मोजणी चंद्रापर्यंत जाणार आहे, आणि तिथेही थांबणार नाही!

पहिला आकडा अगदी घरगुती. सरकारी निकष सांगतो, आदिवासी भागात २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. असे कुठलेही एक केंद्र डोळ्यांसमोर आणा आणि तिथे दिवसाला १०० रुग्ण येतात असे धरा. आता एका रुग्णामागे किती हात हलतात? नाव-वय लिहायचे. वजन करायचे. ताप आणि बीपी पाहायचे. डॉक्टरांनी तपासायचे. औषध लिहायचे. खिडकीतून नेमके तेच औषध काढून द्यायचे. इंजेक्शन टोचायचे किंवा पट्टी करायची. घरी गोळी कधी, किती घ्यायची ते समजावायचे. झाली ८ कामे. १०० रुग्णांची ८००. वर्षाचे ३०० दिवस धरले तर २,४०,०००!

दोन लाख चाळीस हजार म्हणजे किती? मुंबई ते पुणे रस्त्याने साधारण १५० किलोमीटर. माणसाचे एक पाऊल ६० सेंटिमीटरचे धरले, तर मुंबईहून पायी निघून पुण्यात पोचायला अडीच लाख पावले पडतात. म्हणजे एका छोट्या केंद्रातले कर्मचारी दरवर्षी मुंबईहून निघतात आणि एकेक पाऊल मोजत १४४ किलोमीटर चालून पुण्याच्या वेशीला टेकतात. प्रत्येक पाऊल म्हणजे कुणाच्या तरी अंगाला लागणारा हात. दुसऱ्या वर्षी पुन्हा मुंबई, पुन्हा पुणे!

आता यातली ९९ टक्के पावले अगदी बरोबर पडली असे समजा. परीक्षेत ९९ टक्के मिळाले तर आपण पेढे वाटतो. इथे ९९ टक्के म्हणजे दर ६० मीटरला एक ठेच. वर्षाला २,४०० ठेचा, दिवसाला ८. बरे, ९९.९ टक्के घ्या. तरी दर ६०० मीटरला एक. वर्षाला २४०.

अजून गंमत पुढेच आहे, कारण ठेचा गुणाकाराने वाढतात. एका बाईच्या बाळंतपणात, पहिल्या नोंदणीपासून बाळ घेऊन घरी जाईपर्यंत, लहानमोठी १०० कामे होतात असे धरा. प्रत्येक काम ९९ टक्के अचूक. मग १०० बायांपैकी किती जणींचा प्रवास एकही ठेच न लागता पार पडेल? ९९? नाही. ९०? नाही. फक्त ३७! उरलेल्या ६३ जणींच्या वाटेत कुठे ना कुठे काहीतरी राहून जाईल. आणि प्रत्येक काम ९९.९ टक्के अचूक केले तर? तेव्हा ९० जणी निर्धोक आणि १० जणींना ठेच. दहातली एक. हा दहातला एक लक्षात ठेवा, तो आपल्याला लवकरच पुन्हा भेटणार आहे.

एवढ्यावरून एक गोष्ट कळते. रुग्णाला सुरक्षित ठेवायला हुशार डॉक्टर हवाच, हातखंडा असलेली सिस्टरही हवीच. पण नुसत्या हुशारीने हा गुणाकार हटत नाही. ठेच लागायच्या आधी कुणीतरी “थांबा” म्हणावे लागते. ते म्हणण्याची मोकळीक त्या इमारतीत आहे की नाही, यालाच रुग्णसुरक्षेची संस्कृती म्हणतात. आणि ती मोजता येते! पण त्या मोजपट्टीकडे जाण्याआधी ठेचांचा डोंगर केवढा आहे ते तरी बघू.

पुन्हा त्याच रस्त्यावर या. पाचशेची नोट १५ सेंटिमीटर लांब असते. मुंबईपासून पुण्यापर्यंत एकाला एक टेकवून नोटा अंथरत चला. १० लाख नोटा लागतील. ५० कोटी रुपये रस्त्यावर! आता प्रत्येक नोट म्हणजे एक माणूस समजा. जागतिक आरोग्य संघटनेने हिशोब मांडला होता की विमानप्रवासात माणसाला इजा होण्याची शक्यता दहा लाखांत एक. म्हणजे या अख्ख्या रस्त्यावर फाटलेली नोट एकच. कुठेतरी खोपोलीच्या वळणावर असेल, शोधत बसावे लागेल. आणि उपचार घेताना? तीच संघटना सांगते, दहा रुग्णांमागे साधारण एकाला उपचारातूनच इजा होते. बघा, भेटला ना दहातला एक! योगायोग म्हणा, पण आकडा तोच. रस्त्यावर दर दीड मीटरला एक फाटकी नोट. वाकायचे, उचलायचे, एक ढांग टाकायची, पुन्हा वाकायचे. पुण्याला पोचेपर्यंत हातात १ लाख फाटक्या नोटा! आणि यातल्या निम्म्याहून जास्त इजा टाळता येण्यासारख्या असतात.

इथून पुढे आवाज थोडा खाली आणू, कारण आता मोजायची ती माणसे आहेत. असुरक्षित उपचारांमुळे जगात दरवर्षी ३० लाखांहून अधिक मृत्यू होतात, असे हीच संघटना सांगते. ३० लाख कुठे पाहिलेत? आपल्या दारात. २०११ च्या जनगणनेत पालघर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २९ लाख ९० हजार होती. वसईच्या इमारती, डहाणूच्या चिकूच्या वाड्या, जव्हार-मोखाड्याचे डोंगर, तलासरी, वाडा, विक्रमगड, पालघर. आठही तालुके, प्रत्येक घर, प्रत्येक पाळणा. एवढी सगळी माणसे. दर वर्षी.

त्यांना लोकलमध्ये बसवून बघू. गर्दीच्या वेळी १२ डब्यांच्या विरार लोकलमध्ये ५,००० माणसे असतात असे धरा. ३० लाख माणसांना ६०० लोकल लागतील. एक लोकल साधारण अडीचशे मीटर लांब. ६०० लोकल एकीमागे एक जोडल्या तर लांबी होते १५० किलोमीटर. म्हणजे पुन्हा मुंबई ते पुणे! पहिल्या डब्याने पुणे गाठलेले असेल तेव्हा शेवटचा डबा मुंबईत असेल, आणि मधल्या एकाही डब्यात उभे राहायला जागा नसेल. दिवसाला ८,२०० माणसे. दर दहा सेकंदांना एक. हे वाक्य वाचून होईतो अर्धा वेळ गेलासुद्धा.

आणि हे झाले मृत्यू. इजा वेगळ्या. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या रुग्णालयांत वर्षाला अशा १३ कोटी ४० लाख घटना घडतात, असा २०१८ चा अंदाज आहे. २०११ मध्ये सबंध महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. म्हणजे गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत प्रत्येक माणसाला एकेक, आणि वर दोन कोटींहून जास्त उरतातच! याच्या लोकल केल्या तर २६,८०० होतील. लांबी ६,७०० किलोमीटर! डिब्रुगढहून कन्याकुमारीला जाणारी विवेक एक्स्प्रेस देशातल्या सर्वांत लांब पल्ल्याच्या गाड्यांत गणली जाते, तिची वाट सुमारे ४,२०० किलोमीटरची. तिच्या दीडपटीहून लांब आपली लोकल!

पैशांत मोजायचे? मोजू या. नुसत्या औषधांच्या चुका, म्हणजे चुकीचे औषध, चुकीची मात्रा, चुकीची वेळ, यांपायी जगाला वर्षाला ४२ अब्ज डॉलर मोजावे लागतात. डॉलरला ८५ रुपये धरले तर ३ लाख ५७ हजार कोटी रुपये! आपल्या जिल्ह्याच्या मापाने सांगतो. डहाणूजवळ होऊ घातलेल्या वाढवण बंदराचा मंजूर खर्च ७६,२२० कोटी. एवढ्या पैशांत दरवर्षी साडेचार वाढवण बंदरे! बोईसरवरून जाणाऱ्या मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मूळ अंदाज १ लाख ८ हजार कोटी. दरवर्षी तीन बुलेट ट्रेन, आणि वर सुटे पैसे! दर सेकंदाला १ लाख १३ हजार रुपये! आणि त्याच पाचशेच्या नोटा पुन्हा अंथरायच्या म्हटल्या तर मुंबई-पुणे रस्ता कुठल्या कुठे संपतो. ७१४ कोटी नोटा, लांबी १० लाख ७० हजार किलोमीटर. चंद्र ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. मासवणहून नोटांची रांग चंद्राला जाऊन टेकते, वळते, मासवणला परत येते, आणि पुन्हा चंद्राच्या दिशेने तीन चतुर्थांशाहून जास्त वाट चालून जाते! आणि हे सगळे गोळ्या-बाटल्यांच्या चुकांचे.

पाण्याचे माप हवे? सूर्येकाठच्या माणसांना पाण्याची मापे शिकवायला नकोत. मासवणला उपसलेले पाणी पार वसई-विरारच्या नळांत जाते. तर जगात वर्षाला सुमारे १,६०० कोटी इंजेक्शने टोचली जातात. सेकंदाला ५००! एकात २ मिलीलिटर औषध धरा, चहाच्या चमच्याच्या अर्ध्याहून कमी. सगळे मिळून ३ कोटी २० लाख लिटर. सहा मीटर रुंद आणि दहा मीटर खोल अशी भरलेली विहीर असेल तर तिच्यात २ लाख ८३ हजार लिटर मावतात. म्हणजे काठोकाठ ११३ विहिरी, थेंब थेंब करून सुईच्या टोकातून माणसांच्या शरीरात रिकाम्या केलेल्या! आपल्या देशात २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत देशभर मोठी पाहणी झाली होती. तिचा हिशोब वर्षाला ३०० कोटी इंजेक्शनांचा, म्हणजे २१ विहिरींचा. त्यांतली सुमारे ६३ टक्के असुरक्षित निघाली. कुठे सुई, कुठे टोचण्याची पद्धत, कुठे कचरा. २१ पैकी १३ विहिरी गढूळ! त्यानंतर लसीकरणात एकदाच वापरता येईल अशी सिरिंज आली, चित्र बदलू लागले. पण १३ विहिरी डोळ्यांपुढून हलत नाहीत.

आकड्यांनी दमला असाल तर जरा पश्चिमेला चला. मासवणहून बोईसर ओलांडून समुद्राकडे गेले की तारापूर. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी इथे देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. आज तिथल्या चार अणुभट्ट्यांची क्षमता १,४०० मेगावॅट. मी तारापूरला का आणले? कारण ‘सुरक्षा संस्कृती’ हा शब्दच मुळी अणुभट्टीतून जन्मला! २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलची भट्टी फुटली. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तज्ज्ञांनी त्याच वर्षी अहवाल लिहिला आणि त्यात हा शब्द आला. १९९१ मध्ये त्यांनी त्यावर स्वतंत्र पुस्तिकाच काढली. सांगणे सरळ होते. यंत्र कितीही भक्कम असू द्या, ते चालवणाऱ्यांच्या मनात सुरक्षेला पहिला पाट नसेल तर भिंती वाचवत नाहीत.

आणि १९८६ हे वर्ष महाराष्ट्रालाही चटका लावून गेले आहे. चेर्नोबिलच्या तीनच महिने आधी, जानेवारी-फेब्रुवारीत, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉल दिले गेल्याने १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली आणि औषध खरेदीपासून रुग्णाच्या तोंडापर्यंतच्या साखळीतली ढिलाई उजेडात आणली. १४ हा आकडा आजच्या आपल्या मोजणीत चिमुकला वाटेल. पण बाटली किती हातांतून गेली ते मोजा. बनवणारे, विकणारे, घेणारे, साठवणारे, तपासणारे, देणारे. एवढ्या वाटेत एका हाताने जरी बाटली अडवली असती, तर ती चौदा माणसे घरी गेली असती.

अणुभट्टीतला हा शब्द रुग्णालयांत यायला फार वर्षे लागली नाहीत. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या एका अहवालाने सांगितले की तिथल्या रुग्णालयांत उपचारातल्या चुकांनी वर्षाला ४४,००० ते ९८,००० माणसे मरत असावीत. आकडा ऐकून तो देश हादरला. मग प्रश्न आला, ही संस्कृती मोजायची कशी? बीपीसारखे यंत्र लावता येत नाही, रक्त काढून काचपट्टीवर घेता येत नाही. उत्तर निघाले फार साधे. तिथे काम करणाऱ्यांनाच विचारा! २००४ मध्ये अमेरिकेच्या आरोग्य संशोधन संस्थेने एक प्रश्नावली काढली. १२ विषय, ४२ प्रश्न. प्रत्येकाला पाच पर्याय, बहुतेकांना ‘अजिबात पटत नाही’ पासून ‘पूर्ण पटते’ पर्यंत. नाव लिहायचे नाही. भरायला दहा-पंधरा मिनिटे पुरतात. पुढे २०१९ मध्ये ती सुधारून आटोपशीर केली, पण जगभर गाजली ती ही ४२ प्रश्नांचीच.

४२ प्रश्न म्हणजे काहीच नाही असे वाटले ना? मग पाटी पुढे घ्या, आज लिहिलेला सर्वांत मोठा आकडा आता येतोय! एक प्रश्न, उत्तरे ५. दोन प्रश्न, उत्तरांच्या जोड्या २५. तीन प्रश्न, १२५. दहाव्या प्रश्नाला आपण ९७ लाख ६५ हजारांवर आलो. तेराव्याला १२२ कोटी, म्हणजे २०११ च्या भारतातल्या प्रत्येक माणसाला भरलेला वेगळा कागद मिळेल, आणि थोडे उरतील! पंधराव्याला ३,०५१ कोटी, सगळ्या जगाला प्रत्येकी तीन कागद पुरून उरतील! आणि अजून २७ प्रश्न शिल्लक आहेत. बेचाळिसाव्या प्रश्नाला पोचेतो आकडा तीस अंकी होतो. २२७ लिहा आणि पुढे २७ शून्ये काढा! जगातल्या ८०० कोटी माणसांनी, विश्व जन्मले त्या क्षणापासून, म्हणजे १,३८० कोटी वर्षांपूर्वीपासून, झोप नाही, जेवण नाही, दर सेकंदाला एक वेगळा कागद भरला असता, तर आजपर्यंत किती काम झाले असते? दीड टक्का! मासवणसारख्या केंद्रातल्या एका सिस्टरच्या हातात दुपारी येणारा हा कागद इतक्या तऱ्हांनी भरला जाऊ शकतो. प्रत्येक केंद्राची ठेवण वेगळी, आणि ती या कागदावर उमटते.

हा अफाट पसारा शेवटी बोटांवर मोजण्याइतका होतो. जी उत्तरे अनुकूल पडली त्यांची टक्केवारी काढतात. ७५ च्या वर गेले तर ती बाजू बळकट. ५० किंवा त्याखाली आले तर तिथे डागडुजी हवी. आणि देशोदेशी ही पाहणी झाली तेव्हा दोन बाजू वारंवार तळाला सापडल्या. एक म्हणजे पाळी बदलताना किंवा रुग्ण एका विभागातून दुसऱ्याकडे जाताना निरोप गळणे. दुसरी म्हणजे शिक्षेची भीती. चूक सांगितली की चुकीवर बोलणे होते, की सांगणाऱ्या माणसावर? ती माझ्या सेवापुस्तकात कायमची चिकटते का? सरकारी दवाखान्यात काम केलेल्या कुणालाही विचारा, ‘मेमो’ आणि ‘कारणे दाखवा’ हे शब्द ऐकून हात कसे थिजतात ते.

ही भीती किती महाग पडते? बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीत काम करणाऱ्यांना ‘नियर मिस’ हा शब्द चांगला ठाऊक असतो. होता होता टळलेला अपघात. हाइनरिख नावाच्या अमेरिकी विमातज्ज्ञाने १९३१ मध्ये कारखान्यांतले अपघात तपासून एक प्रमाण मांडले होते. १, २९ आणि ३००. एका मोठ्या अपघातामागे २९ किरकोळ आणि ३०० असे, ज्यांत कुणाला खरचटलेही नाही. प्रत्येक कामाला हेच प्रमाण तंतोतंत लागू पडेल असे नाही, पण त्यातला इशारा बघा. मोठी घटना घडायच्या आधी नशीब ३२९ वेळा दार वाजवून जाते! सिस्टरने औषधाची बाटली उचलली, लेबल पाहिले, “अगं बाई, ही ती नव्हे” म्हणून परत ठेवली. एक ठोका. सारख्या नावाचे दोन रुग्ण, ऐन वेळी वय विचारले म्हणून उलगडा झाला. दुसरा ठोका. हे ठोके वहीत उतरले तर ती वही सोन्याची. मेमोच्या भीतीने मनातच राहिले तर तीनशेच्या तीनशे फुकट.

आता ते सांगतो ज्यासाठी एवढी पायपीट केली. ठेचांचा हा डोंगर हलतो! आणि तो हलवणाऱ्या माणसाची मुळे आपल्या मातीत आहेत. यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यात उटी नावाचे गाव आहे. तिथले आत्माराम गावंडे डॉक्टर होऊन अमेरिकेला गेले. त्यांचे चिरंजीव अतुल गावंडे हे शल्यविशारद. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांच्या चमूने शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर तपासायची एक यादी तयार केली. २००८ मध्ये ती जाहीर झाली. किती कलमे? १९. काय साहित्य लागते? एक कागद. भूल देण्याआधी एकदा थांबायचे, चिरा देण्याआधी एकदा, रुग्णाला बाहेर नेण्याआधी एकदा. रुग्ण तोच ना? बाजू तीच ना? गॉज मोजले ना? आणि एक कलम तर ऐकाच. खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे. एकदा तोंड उघडले, नाव सांगितले, की पुढे “सर, एक मिनिट” म्हणायला जीभ अडखळत नाही.

नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत, साडेसात हजारांहून अधिक रुग्णांवर ती यादी पारखली. मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. गुंतागुंत ११ वरून ७ वर आली. म्हणजे हजार रुग्णांमागे ७ जास्त माणसे घरी परतली. ७ हा आकडा छोटा वाटतो? जगात वर्षाला सुमारे ३१ कोटी ३० लाख शस्त्रक्रिया होतात. दर सेकंदाला दहा चिरे! प्रत्येक ठिकाणी एवढाच फरक पडेल असे धरू नका. त्याचा फक्त दहावा हिस्सा धरा. तरी वर्षाला २ लाख १९ हजार जीव! वानखेडे स्टेडियम सहा वेळा काठोकाठ भरेल, आणि सातव्या वेळीही अर्ध्याहून जास्त भरेल! दिवसाला ६०० माणसे! आपल्या त्या जीवघेण्या गाडीतल्या ४४ लोकल पूर्ण रिकाम्या होतील! माणसे फलाटावर उतरतील, पिशव्या सावरतील, रिक्षा करतील आणि घरी जातील. एका कागदाने! १९ ओळींनी! दोन मिनिटांच्या थांबण्याने!

आपल्याकडेही पाया घातलेला आहे. सरकारी केंद्रांसाठी राष्ट्रीय गुणवत्ता मानके आहेत, स्वच्छतेसाठी २०१५ पासून ‘कायाकल्प’ योजना आहे, प्रसूतिगृहांसाठी २०१७ पासून ‘लक्ष्य’ कार्यक्रम आहे, आणि रुग्णसुरक्षेचा राष्ट्रीय आराखडाही २०१८ मध्ये आला. २०१९ पासून दर १७ सप्टेंबरला जगभर रुग्णसुरक्षा दिन पाळतात. भिंती, फरशी, हात धुण्याचे बेसिन मोजायची सोय झाली. त्याच्या जोडीला माणसांच्या मनातली मोकळीक मोजायची आहे, आणि ते काम भिंत बांधण्याहून किती तरी स्वस्त आहे. एखाद्या केंद्रात पंधरा जण धरा. डॉक्टर, सिस्टर, औषध देणारे, लॅबवाले, शिपाई, सफाई करणाऱ्या मावशी, सगळे. पंधरा जणांनी ४२ प्रश्नांवर खुणा केल्या की ६३० खुणा. एका दुपारचे काम, पंधरा कागद, दोन-तीन पेनं. फक्त दोन पथ्ये. नाव लिहायचे नाही, आणि आलेल्या उत्तरांवरून कुणाला धारेवर धरायचे नाही. सहा महिन्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारायचे आणि आकडा वर सरकला का ते बघायचे.

६०० लोकल एका बाजूला, ६३० खुणा दुसऱ्या बाजूला. चंद्रापर्यंत गेलेली नोटांची रांग एका बाजूला, सिस्टरच्या तोंडचे “थांबा” दुसऱ्या बाजूला. तराजू झुकतो तो या दुसऱ्या बाजूला.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती. पुढच्या वेळी मासवणच्या, पालघरच्या किंवा तुमच्या गावच्या दवाखान्यात जाल तेव्हा आपले पूर्ण नाव आणि वय स्वतःहून सांगा. हातात आलेल्या गोळीचे नाव विचारा. आणि एखादी सिस्टर म्हणाली, “थांबा, चुकून दुसरेच देत होते, बरे झाले पाहिले,” तर तिच्यावर आवाज चढवू नका. तिला सगळ्यांदेखत शाबासकी द्या. त्या लांबलचक गाडीतून एक माणूस तिने आत्ताच खाली उतरवला आहे.